मोरमुसळ कुणाचं

निपाणी, ११ नोव्हेंबर २०२५

अण्णा, जयजिनेंद्र.

नागेंद्रचा अर्ज फेटाळला गेला. काल दुपारी आपल्या वकील पूर्णिमा मॅडमनी बेळगावच्या टिळकवाडीतल्या ऑफिसातून फोन करून सांगितलं. मी दोनदा विचारलं, "नक्की ना?" तेव्हा त्या म्हणाल्या, "ब्राह्मी, आदेश समोर उघडा आहे. वाचू?" आणि त्यांनी वाचून दाखवला. 'मोरमुसळ' हे नाव मसाल्यासाठी नागेंद्रच्या नावावर नोंदवता येणार नाही, कारण १९९१ पासून ते निपाणीचे कै. रायाप्पा मगदूम आणि त्यांच्या मागे त्यांचा मुलगा व मुलगी वापरत आले आहेत.

मुलगा व मुलगी. तू आधी आहेस, खूश हो.

मी गिरणी थांबवली. नाकाला फडकी बांधलेल्या बारा बायका बाहेर आल्या. बेल्ट तुटला असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, "मोर आपलाच ऱ्हायला." त्यावर एक जण म्हणाली, "आनी त्यो कुटं गेलता?" तिचंही बरोबर आहे. अडीच वर्षं मी बेळगावच्या फेऱ्या मारत होते आणि या बायकांची समजूत अशी की आक्का दातांच्या डॉक्टरकडं जाते. सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले आणि मग सगळं नीट सांगितलं. ज्या नागेंद्रच्या टेम्पोतून तुझा माल चार वर्षं कोल्हापूर-सांगलीला गेला, त्यानंच कागलच्या पत्त्यावरून आप्पांचं नाव स्वतःच्या नावावर करायला घातलं होतं, हे ऐकल्यावर त्यांनी त्याला जे म्हटलं ते पत्रात लिहिता येत नाही.

तुझ्या फोनवर माझा नंबर सात वर्षं बंद आहे, म्हणून पत्र. टपाल खात्याला कुणाला बंद करता येत नाही.

तुझ्या शपथपत्राबद्दल लिहायलाच हवं. मागच्या वर्षी मॅडमचा माणूस कागद घेऊन तुझ्याकडे आला, तू वाचलंस, दोन वाक्यं स्वतःच्या हातानं घातलीस, सही केलीस आणि त्याला चहा पाजून परत पाठवलंस. मला निरोप काही नाही. ती दोन वाक्यं आदेशात जशीच्या तशी आली आहेत: "मी नागेंद्रला माल विकायला दिला, पाकिटाचं चित्र छापायला दिलं. नाव दिलं नाही. नाव माझ्या एकट्याचं नव्हतंच, देणार कुठून?"

अण्णा, या दोन वाक्यांनी निम्मी केस जिंकली. नागेंद्रचा वकील म्हणत होता की एकाच नावाचे दोन मसाले, दोन गिरण्या, दोन चवी, भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे हे नाव कुणाचंच नाही, जो उचलेल त्याचं. तुझ्या सहीनं त्याचं तोंड बंद झालं.

आता कामाचं. मॅडमचे शब्द: "त्याला मिळालं नाही, एवढंच झालं. तुम्हाला मिळालं, असं अजून झालेलं नाही." आपल्या नावानं अर्ज आजही नाही. वाटणीच्या वेळी पंचांनी काय केलं ते तुला आठवत असेल. जमीन वाटली, दोन कांडप यंत्रं वाटली, खलबत्ता मला आणि वजनाचा ताजवा तुला. नावाची वेळ आली तेव्हा मारुतीराव पाटील म्हणाले, "नावाला वाटणी न्हाय. नाव दोघांनी लावा." सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणीही आलं. मॅडमनी वाटणीपत्रातलं ते वाक्य वाचून चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "हे प्रेमाचं आहे, कायद्याचं नाही." नाव दोघांनी लावायचं, तर मालक कोण? माल कसा असला पाहिजे, हे कोण ठरवणार? ते कुठंच नाही. अशी मोकळी सोडलेली गोष्ट कुणीतरी दावं लावून नेणारच.

म्हणून त्यांनी भागीदारीचा मसुदा केला आहे. नाव भागीदारीच्या मालकीचं, दोन्ही गिरण्यांनी ते एकाच कसोटीनं वापरायचं. अर्ज त्या भागीदारीच्या नावानं करायचा. तुझी सही हवी, आणि ३० तारखेच्या आत हवी. नागेंद्र गेल्या आठवड्यात बाजारात कुणाला तरी म्हणाला, "मसाला गेला तर जाऊ दे, लोणचं अजून मोकळं हाय." मसाला सरकारच्या यादीत तिसाव्या वर्गात येतो आणि लोणचं एकोणतिसाव्या. त्यानं एकोणतिसाव्यात मोर नेऊन बसवला तर पुन्हा अडीच वर्षं.

आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. सात पानं आहेत. सहावं पान झेरॉक्सवाल्याकडे राहिलं, नंतर पाठवते.

वहिनींना जयजिनेंद्र.

ब्राह्मी


निपाणी, २० नोव्हेंबर २०२५

अण्णा,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. सात वर्षांनंतरचे पहिले शब्द: "सहावं पान कुठं आहे?" बाकी पाकीट रिकामं. मी ते उलटं करून झटकूनही बघितलं.

पाठवते म्हटलं ना.

त्याआधी पाचव्या पानाबद्दल सांगू दे, कारण ते तू वाचलं असशील आणि तुला ते खरं वाटलं नसेल. पाचव्या पानावर डबे आहेत.

आप्पांची पद्धत तुला माहीत आहे. ज्या घरच्या लग्नाचा मसाला आपल्याकडून जायचा, त्या घरच्या मुलीला ते स्टीलचा मिसळणाचा डबा द्यायचे. झाकणावर नाव कोरलेलं असायचं: मुलीचं नाव, तारीख, त्याखाली 'मोरमुसळ मसाला, निपाणी' आणि मुसळावर बसलेला मोर. आपण हसायचो. तू म्हणायचास, "आप्पा आहेरापेक्षा जाहिरात जास्त करत्यात." ते म्हणायचे, "पोरगी सासरला जाती, डबा तिच्या संगट जातोय. कांदा-लसूण न खाणारं घर कुठंबी असलं, तिथं आमचा मोर आदीच पोचल्याला असतोय."

केस सुरू झाली तेव्हा माझ्याकडे पुरावा म्हणून काय होतं? जुनी पाकिटं उंदरांनी खाल्लेली. छापखाना बंद पडलेला. २०१८ पूर्वीचा एकही कागद असा नव्हता की ज्यावर नाव आणि तारीख एकत्र आहे. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी कुठंतरी नाव आणि तारीख शेजारी-शेजारी लिहिलीच असेल. घरी जा आणि आठवा." परत येताना टोलनाक्यापाशी एस.टी. थांबली होती आणि पुढच्या सीटवर एक बाई पिशवीतून डबा काढून लेकाला चिवडा देत होती. साधा डबा, मोर नव्हता. पण मला सगळं आठवलं आणि मी मोठ्यानं "डबे!" म्हणाले. त्या बाईनं घाबरून मला चिवडा दिला.

सहा महिने मी डबे गोळा केले. सदलगा, बोरगाव, शमनेवाडी, अकोळ, पार खानापूरकडच्या एका गावापर्यंत. डबा द्यायला कुणी तयार होईना. बोरगावच्या एका बाईनं डबा पदराखाली धरला आणि म्हणाली, "एकतीस वर्षं झाली, सासूलाबी हात लावू दिला न्हाय मी ह्येला. तू कोन?" मी म्हटलं, "रायाप्पा मगदुमांची लेक." तर म्हणाली, "आदी का सांगितलं न्हाईस? बस. जेव. पन डबा कोर्टात ठिवून घेत्यात काय?" शेवटी फोटोग्राफर घरोघर नेला. एकेचाळीस डबे. सगळ्यांत जुना १९९३ चा. प्रत्येक बाईनं शपथेवर लिहून दिलं की आमच्या लग्नाच्या पंगतीला हाच मसाला होता.

नागेंद्रचा वकील म्हणाला, हे डबे मागाहून कोरून घेतलेत.

मग आमचा नागोजी उभा राहिला. भांडी बाजारात दुकानाच्या दारात बसून भांड्यांवर नावं घालायचा तो. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, हात थरथरतो, नजर मात्र घारीची. मी त्याला मॅडमच्या ऑफिसात नेलं आणि एकेचाळीस फोटो टेबलावर मांडले. त्यानं दोन बाजूला सारले. "हे दोन माझं न्हाईत. माज्या पोराचं हाईत, तवा मी आजारी हुतो. बाकीचं समदं माझं."

मॅडमनी विचारलं, "कशावरून?"

"माझा मोर डावीकडं बगतोय. समद्या गावाचं मोर उजवीकडं बगत्यात. मी डावखुरा हाय न्हवं?"

सुनावणी लॅपटॉपवर होती, मुंबईच्या अधिकाऱ्यांसमोर. नागोजीचं शपथपत्र आणि ते फोटो पडद्यावर आले तेव्हा अधिकाऱ्यांनी एकेक मोर मोठा करून बघितला. एकोणचाळीस डावीकडे, दोन उजवीकडे. आणि ते दोन नेमके २००३ च्या मे महिन्यातले, नागोजीच्या आजारपणातले. ठरवून बनवलेल्या पुराव्यात असलं काही सापडत नाही, असं पाचव्या पानावर लिहिलं आहे. नुसत्या डब्यांनी भागलं नसतं. १९९८ च्या पंचकल्याण पूजेच्या स्मरणिकेतली आपली जाहिरातही सापडली आणि ती जोडीला उभी राहिली. पण जीव डब्यांत होता. निकाल कळल्यापासून बोरगावात प्रत्येक बाई सांगत फिरते की केस माझ्या डब्यानं जिंकली.

आणि हो, तुझ्या पाकिटावर नावाशेजारी गोलातला इंग्रजी आर छापतोस तो आधी काढ. नोंदणी झालेल्यालाच तो लावता येतो. नसताना लावला तर गुन्हा आहे. नागेंद्रच्या वकिलाचं त्यावरही बोट दाखवून झालंय. अर्ज केल्यावर टीएम लाव, ते चालतं.

३० तारीख विसरू नकोस.

ब्राह्मी


निपाणी, २४ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

सहावं पान सोबत आहे. झेरॉक्सवाल्याकडे काही राहिलं नव्हतं. मीच काढून ठेवलं होतं.

आता तू ते वाचशील. त्यापेक्षा मीच सांगते. आप्पांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या जेवणात आपलं भांडण झालं. दिवाळीपासून तू बेळगावच्या गिरणीत मोरमुसळ नावानं कांदा-लसूण मसाला काढायला लागला होतास. मी पंगतीतच म्हणाले, "आप्पांच्या मोराला लसणाचा वास कशाला?" तू म्हणालास, "बाजार वासावर चालतो, ब्राह्मी. तू नुसती आरती ओवाळ." आणि ताटावरून उठलास. तुला एवढंच माहीत आहे.

दीड महिन्यानं, मार्च २०१९ मध्ये, मी स्टँडजवळच्या शामूच्या ऑनलाइन सेंटरमध्ये गेले आणि मोरमुसळ माझ्या एकटीच्या नावावर नोंदवायचा अर्ज भरला. तुला न विचारता. मालक: ब्राह्मी रायाप्पा मगदूम. एकमेव मालक.

तुझ्या लसणापासून नाव वाचवायला निघाले होते, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नाही. तू उठून गेलास त्याचा राग होता.

पुढं ऐक, कारण याहून वाईट आहे. अर्जात एक प्रश्न असतो: हे नाव कधीपासून वापरता? शामूनं विचारलं, "आक्का, कवापासनं?" मी नवी शेड बांधली होती, यंत्र बसवलं होतं, पण पूजा व्हायची होती. मुहूर्तावर घाणा काढल्याशिवाय धंदा सुरू झाला असं आपल्यात कुणी तोंडानं म्हणत नाही. मी म्हणाले, "अजून सुरुवात कुठं झालीय? पाडव्याला मुहूर्त हाय." शामूनं बिचाऱ्यानं खूण केली: नाव अजून वापरात नाही, वापरायचा विचार आहे.

आप्पांची सत्तावीस वर्षं मी एका वाक्यात पुसली. सरकारी कागदावर, माझ्या सहीनं.

तो अर्ज तसाच मेला. सरकारकडून हरकतीचं पत्र आलं, महिन्यात उत्तर द्यायचं होतं. पण शामूनं अर्जात ईमेल स्वतःच्या सेंटरचा घातला होता आणि तिथं रोज शेकडो लोकांचे दाखले, निकाल आणि रेशनकार्डं येतात. मला कळलंच नाही. अर्ज सोडून दिला असं समजून बंद झाला. मीही विसरले. पण सरकारच्या संगणकावर तो राहिला आणि नागेंद्रच्या वकिलाला सापडला. सुनावणीत तो म्हणाला, "या बाई १९९१ पासून वापर आहे म्हणतात. यांनीच २०१९ ला लिहून दिलंय की अजून वापर सुरूच नाही. यांचं कुठलं म्हणणं खरं?"

लॅपटॉपच्या त्या चौकोनात मला माझाच चेहरा दिसत होता.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मुहूर्त म्हणजे काय हे माझ्या अशिलाला माहीत होतं, अर्जातल्या प्रश्नाचा अर्थ माहीत नव्हता." त्यांनी शामूचं शपथपत्र पुढं केलं. शामू स्वतःहून आला होता. "आक्का, चूक माझीबी हाय, मी लिहून देतो," म्हणाला. आणि मॅडम पुढं म्हणाल्या, एका वारसानं चुकीची खूण केली म्हणून वडिलांनी विकलेला माल विकलाच नव्हता असं होत नाही, डबे बघा. अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं. सहाव्या पानाच्या शेवटच्या चार ओळी त्याच आहेत. त्याच पानावर हेही आहे की तो अर्ज मी एकटीनं, भावाला वगळून केला होता. म्हणून पान काढून ठेवलं. वाटलं, आधी तुझी सही येऊ दे, मग सांगू.

काल गिरणीत बसून विचार केला. तू शपथेवर लिहिलंस की नाव माझ्या एकट्याचं नव्हतंच. मी सरकारला लिहून दिलं होतं की ते माझ्या एकटीचं आहे. आणि आता तुझी सही घ्यायला तेच पान लपवत होते. अशी सही घेतली तर नागेंद्रमध्ये आणि माझ्यात फरक काय?

म्हणून सगळं पाठवलं. आता तुला सही करायची नसेल तर करू नकोस. अकरा वेळा मी टिळकवाडीत मॅडमकडे आले. तुझं घर तिथून दोन गल्ल्या. एकदाही वळले नाही. तेही तुला माहीत असावं.

ब्राह्मी


निपाणी, ४ डिसेंबर २०२५

अण्णा,

३० तारीख उलटली, तेव्हा मी आशा सोडली होती. लोणच्याच्या वर्गात रोज शोध घेत होते, मोर कुणी नेला नाही ना बघायला.

आज सकाळी अकरा वाजता वहिनींचा फोन आला. दिव्या वहिनींचा आवाज सात वर्षांनी ऐकला आणि त्यांनी एका श्वासात बातमी दिली: "सही झाली. मसुदा काल मॅडमकडं पोचला. तीन दिवस ह्यांनी त्यात खोडाखोड केली, म्हणून उशीर." मागून तुझा आवाज आला, "सांग तिला, मी काय तिच्यासारखं पान काढून ठेवलं न्हाय." मी हसले आणि हसता हसता नाक ओढलं. वहिनी म्हणाल्या, "आक्का, रडताय व्हय?" मी म्हटलं, "गिरणी चालू आहे, मिरची हाय."

गिरणी बंद होती.

तुझी खोडाखोड मॅडमनी मला फोटो पाठवून दाखवली. तू कलम चारमध्ये लिहिलंस की मोरमुसळ नावाच्या कुठल्याही मालात कांदा-लसूण घालायचा नाही. तुझ्या हातचं आहे, मी अक्षर ओळखते. आणि खाली लिहिलंस की लसणाचा मसाला मी दुसऱ्या नावानं काढणार, तो माझ्या एकट्याचा, त्यात ब्राह्मीनं नाक खुपसायचं नाही. मंजूर. नाक तसंही खुपसणार नाही, वास मला सोसत नाही.

खरं सांगू? लसणाचा मसाला जास्त खपतो हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी तुला ते कधीच सांगितलं नसतं.

पण तू त्याला जे नाव सुचवलंस, 'बेळगावी झणझणीत', ते मॅडमनी हाणून पाडलं. त्या म्हणाल्या, "हे नाव नव्हे, हे वर्णन झालं. गावाचं नाव आणि मालाचा गुण, दोन्हीवर सगळ्यांचा हक्क. उद्या शेजारचाही झणझणीत मसाला काढेल आणि तुम्ही काही करू शकणार नाही. मालाशी ज्याचा संबंध नाही असं नाव आणा. तुमच्या वडिलांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक, मोरानं मुसळावर बसून काय दळलंय?" तेव्हा दुसरं शोध.

आता खास बातमी. दुपारी मी मिरचीचा भाव बघायला बाजारात गेले तर तिथं नागेंद्र. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, अगदी पूर्वीसारखा. चार व्यापाऱ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "काय आक्का, आनंद झाला असंल! एका नावासाठी एवढी धावपळ? नाव काय कुणाच्या बापाचं असतंय व्हय?"

मी म्हटलं, "व्हय. माझ्या बापाचं."

चारही व्यापारी असे हसले की त्याला चहा न पिता जावं लागलं. अण्णा, हे ऐकायला तू तिथं हवा होतास. एवढं लिहिते आणि थांबते, कारण आणखी लिहिलं तर फुशारकी होईल. पण खरं सांगते, मी घरी पोचेपर्यंत ते वाक्य पाच-सहा वेळा स्वतःशी म्हटलं.

ब्राह्मी


निपाणी, १६ डिसेंबर २०२५

अण्णा,

अर्ज दाखल झाला. काल संध्याकाळी पावणेपाचला मॅडमनी क्रमांकासह कळवलं आणि पावती दोघांच्याही ईमेलवर आली आहे. तू बघितली नसशील तर बघ. मसाला आणि लोणचं, दोन्ही वर्ग. नाव मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत, कारण आपली निम्मी गिऱ्हाइकं चिकोडीकडची आणि ती मोराखालची कन्नड ओळच वाचतात. चित्राची नोंद वेगळी, शब्दाची वेगळी, म्हणजे उद्या मोराची शेपटी बदलली तरी नाव सुटायला नको. कधीपासून वापरता, या रकान्यात मी स्वतः बोट ठेवून बघितलं: १९९१. अर्जदार: मगदूम बंधू-भगिनी. हे नाव तू सुचवलंस असं मॅडम म्हणाल्या. मला बंधू-भगिनी हा शब्द लग्नपत्रिकेतला वाटतो, पण राहू दे.

लसणाच्या मसाल्यासाठी तू नव्यानं सुचवलेलं 'हलगी' मोकळं आहे. मॅडमनी शोध घेतला, मसाल्यात त्या नावाचं कुणी नाही. लसणाला हलगी शोभते, दुरून ऐकू येते. त्याचा अर्ज तुझ्या एकट्याच्या नावानं आजच टाक. लेबल छापून, बाजारात नेऊन, खपायला लागल्यावर मग बघू असं म्हणू नकोस. आपण एकदा ते करून बसलोय.

पुढं काय होईल ते मॅडमनी सांगितलंय. सरकारचा तपासणी अहवाल काही आठवड्यांत येईल. काही विचारलं तर महिन्यात उत्तर द्यायचं. मग नाव जर्नलमध्ये छापून येईल. ते दर सोमवारी निघतं. त्यानंतर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नागेंद्रला आधीच्या आदेशावर अपील करायला फेब्रुवारीपर्यंत मुदत आहे. करेल असं मॅडमना वाटत नाही. मला वाटतं करेल, आणि हरेल. सगळं सुरळीत गेलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत प्रमाणपत्र येईल. ते दहा वर्षांचं असतं, नंतर नूतनीकरण. तारीख मी गिरणीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेणार आहे. तू तुझ्या भिंतीवर लिही.

आणि कलम सात. तू सही केलीस तेव्हा ते नीट वाचलंस का, मला शंका आहे. दोन गिरण्यांतून एकाच नावाचा माल निघतो, तर तो एकाच चवीचा आहे याची खात्री मालकांनी स्वतः करायला हवी, नाहीतर नावाचा हक्क पातळ होतो. म्हणून दर तीन महिन्यांनी दोन्ही भागीदारांनी समोरासमोर बसून, दोन्ही गिरण्यांचा मसाला एकाच भाजीत घालून, चाखून, दोघांनी सही करायची. एकट्याची सही चालत नाही. निरोप्याकरवी चालत नाही. मॅडम म्हणाल्या, असं कलम त्यांनी आजवर कुणाच्या करारात घातलेलं नाही. मला विचारलंस तर ते कुणी सुचवलं हे मला आठवत नाही.

पहिली तपासणी या रविवारी आहे, २१ तारखेला, अकरा वाजता, निपाणीच्या गिरणीत. वांगी मी आणते, शेंगदाण्याचं कूट इथं आहे. तू तुझा मसाला घेऊन ये आणि वहिनींनाही घेऊन ये. ताटं मांडली असतील. ताटावरून उठायची सोय कलमात ठेवलेली नाही; सही जेवण संपल्यावर आहे.

ब्राह्मी